चौथं नाव : मेडिकल कॉलेजांच्या अधिष्ठात्यांना एका आदिवासी सहाय्यक प्राध्यापिकेचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांचे सगळे अधिष्ठाता, सगळे विभागप्रमुख, आणि आमच्या नेमणुकांच्या फायली ज्यांच्या टेबलावर पडून असतात ते सगळे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या कॉलेजात एक परिपत्रक निघालं. 'आदिवासी आरोग्य कक्ष' स्थापन झाला म्हणे, सात जणांची समिती, अध्यक्ष, सचिव, सदस्य सगळं व्यवस्थित टाईप केलेलं. मी दोनदा वाचलं. सातांत एकही आदिवासी नाही. खाली शेवटी एक ओळ होती की क्षेत्रभेटीच्या वेळी भाषेच्या मदतीसाठी पॅथॉलॉजी विभागातल्या अमुक मॅडमना गरजेनुसार बोलवण्यात यावं. त्या अमुक मॅडम म्हणजे मी.

त्या दिवशी काही बोलले नाही. रिपोर्टिंगच्या स्लाईड्स बाकी होत्या, त्या संपवल्या, घरी गेले. पण ते 'गरजेनुसार' डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र. कॉलेजचं नाव घेणार नाही, कुणा व्यक्तीचं तर नाहीच, कारण एका कॉलेजपुरती ही गोष्ट असती तर मी अधिष्ठाता सरांच्या केबिनमध्ये जाऊन बोलले असते (तशी गेलेही होते, ते मीटिंगमध्ये होते). दुसऱ्या कॉलेजांतल्या माझ्यासारख्या चारपाच जणांशी फोनवर बोलले, प्रत्येकानं स्वतःचीच गोष्ट सांगितली पण ऐकताना वाटलं माझीच कुणीतरी परत वाचून दाखवतंय.

मी पावरा. सातपुड्यातल्या धडगाव तालुक्यातली. आश्रमशाळा, मग बारावीला शहरात, मग एमबीबीएस, बॉण्डचं वर्ष, एमडी पॅथॉलॉजी, आणि आता सहाय्यक प्राध्यापक. आमच्या पाड्यावरून आजवर कुणी मेडिकल कॉलेजात शिकवायला उभं राहिलेलं नव्हतं. पहिल्या लेक्चरच्या दिवशी वडिलांना फोन केला तर त्यांनी विचारलं, तू डॉक्टर झाली होतीस ना, मग मास्तरीण कशी झालीस. डॉक्टरला शिकवणारा पण डॉक्टर लागतो हे त्यांना समजवायला बराच वेळ गेला. तुम्हाला मात्र आता हे समजवावं लागतंय की तो शिकवणारा कधीतरी आदिवासी पण असला पाहिजे.

आता मुद्द्यावर येते. सगळ्यात आधी कामाचं बोलते, कारण तेच सगळ्यात जास्त लागलंय.

सिकलसेलचं तुम्हाला मी काय सांगणार. तरी जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी सांगते, हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, आणि त्याची तपासणी अशी. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, काचेवर त्यात सोडियम मेटाबायसल्फाईटचा थेंब मिसळायचा, वर कव्हरस्लिप ठेवून कडा व्हॅसलिननं बंद करायच्या म्हणजे हवा आत जायला नको, आणि थांबायचं. सिकल असेल तर थोड्या वेळानं मायक्रोस्कोपखाली गोल गरगरीत पेशी विळ्यासारख्या वाकायला लागतात. एवढ्यावरून वाहक (स्वतः आजारी नसून आजार पुढच्या पिढीत नेऊ शकणारा) कोण आणि रुग्ण कोण ते कळत नाही, त्याला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते, पण आपल्या भागात हे आहे की नाही ते त्या काचेवर दिसतं. मी ते पहिल्यांदा विद्यार्थिनी असताना पाहिलं आणि वर मान केली तेव्हा डेमो देणारे सर वर्गाला सांगत होते, हे 'त्यांच्यात' फार असतं.

नंतर मी त्याच विषयावर काम करायला लागले. एका कॅम्पला नऊ वर्षांची मुलगी आली, सांधे सुजलेले, डोळे पिवळट. आमच्या टीममधल्या डॉक्टरांनी हिंदीत आईला विचारलं, घरात आणखी कुणाला असं आहे का. आईनं मान हलवली. केसपेपरवर लिहिलं गेलं, फॅमिली हिस्टरी : विशेष काही नाही. मी बाजूला टेबलावर रक्त घेत होते. मुलीचा हात धरलेला होता म्हणून सहज पावरीत आईला विचारलं, ही कितवी. ती म्हणाली तिसरी, आधीचे दोन गेले. कसे गेले? ताप आला, पोट फुगलं, अंग दुखतंय म्हणून रडायचे, मग गेले. दोन मुलं गेली आणि कागदावर 'विशेष काही नाही'. मी पेन घेतलं, ते खोडलं आणि खाली लिहिलं. त्यानंतर पूर्ण दोन हंगाम मी शनिवार-रविवारी पाड्यांवर जाऊन अशाच फॅमिली हिस्टऱ्या घेतल्या, स्वतःच्या गाडीभाड्यानं, कारण ते 'ड्युटी' मध्ये बसत नव्हतं.

त्यावर पेपर आला. चांगल्या जर्नलमध्ये आला, मला आनंदच झाला. त्यातला दुसरा तक्ता, कुटुंबांच्या माहितीचा, पूर्ण माझा आहे. आणि माझं नाव चौथं आहे.

चौथं म्हणजे काय ते मेडिकलच्या बाहेरच्यांना कळणार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत (ती २०२५ ला बदलली) सहाय्यक प्राध्यापकाला सहयोगी व्हायचं तर चार वर्षं शिकवलेलं पाहिजे होतं, दोन पेपर पाहिजे होते, आणि पेपर कुठला धरायचा तर ज्यात तुमचं नाव पहिल्या तिघांत आहे किंवा तुम्ही करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक, आहात. चौथं नाव त्या नियमावलीत बढतीसाठी शून्य होतं. म्हणजे मी त्या पेपरात आहे पण नाहीये. विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही डेटा कलेक्शन केलंत, ते तर कुणीही करतं." कुणीही करतं तर 'विशेष काही नाही' कुणी लिहिलं होतं?

हे कुणी मुद्दाम माझ्याविरुद्ध केलं असं मला वाटत नाही, खरंच नाही. भाषा येणं, माणसं ओळखीची असणं, पाड्यावर विश्वासानं दार उघडलं जाणं, हे आमच्याकडं जन्मतः आहे, फुकट आहे, त्यामुळं ते काम आहे असं कुणाला वाटतच नाही. ओपीडीतून फोन येतो, मॅडम एक पेशंट आहे काही कळत नाहीये, येता का. जाते. वॉर्डातून पळून गेलेल्या बाळंतिणीच्या घरच्यांना समजवायला जाते. नव्या आदिवासी मुलामुलींना हॉस्टेलला करमत नाही, रॅगिंगची भीती, इंग्रजी कळत नाही, ती माझ्याच केबिनबाहेर येऊन थांबतात, त्यांच्याशी बोलते. मंत्री येणार असले की आदिवासी दिनाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडं. या सगळ्याचे तास एका वर्षी मी डायरीत लिहून काढले होते, मग थांबवलं, कारण रोज लिहायला बसलं की रोज चिडचिड व्हायची. आणि एवढं करून वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवालात संशोधनाच्या रकान्यात शेरा : सुधारणेस वाव. वेळ कुठून आणायचा हो?

दुसरं, १२० दिवस.

मी चार वर्षं शिकवतेय आणि माझ्याकडं नेमणुकीच्या अकरा ऑर्डरी आहेत, बारावी चालू आहे. १२० दिवस झाले की एक तांत्रिक खंड, मग परत मुलाखत, परत त्याच कागदांच्या झेरॉक्स, परत तेच सर समोर बसून विचारतात की तुमचं एमडी कुठून. हे सगळ्याच जातींच्या तात्पुरत्या शिक्षकांना भोगावं लागतं, मला मान्य आहे, आणि त्यांच्या मागण्यांना माझा पाठिंबा आहे. पण ज्याच्या मागं वडिलांचं हॉस्पिटल आहे तो या १२० दिवसांत कंटाळला तर निघून जातो. आमच्यातला कंटाळला तरी जाणार कुठं, गावाकडं पैसे पाठवायचे असतात, भावंडं शिकत असतात, बँक १२० दिवसांच्या ऑर्डरवर कर्ज देत नाही. रिसर्चची ग्रँट पण नाही मिळत, कारण अर्जात विचारलेलं असतं, प्रमुख संशोधक प्रकल्पाच्या कालावधीत सेवेत असेल का. काय लिहू, बघू म्हणून?

आणि याच्यातच एक गंमत आहे, ती कुणीतरी मला समजावून सांगावी. राज्याचा २००१ चा आरक्षण कायदा ४५ दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या तात्पुरत्या नेमणुकांना लागू नाही असं त्यात लिहिलंय. १२० हे ४५ पेक्षा कमी आहेत का? मग माझ्या प्रत्येक मुलाखतीच्या नोटीसवर बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाला राखीव याची यादी) का नसते, हा प्रश्न मी दोनदा तोंडी विचारला. एकदा उत्तर आलं की ही तात्पुरती व्यवस्था आहे, आणि दुसऱ्यांदा उत्तर आलं की तुम्हाला घेतलंय ना, मग.

तिसरी गोष्ट जिना चढण्याची. हे जरा रुक्ष आहे पण वाचा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आदिवासी ९.३५ टक्के, एक कोटी पाच लाखांच्या वर. नोकऱ्यांत आरक्षण ७ टक्के. सात टक्क्यांत एक जागा यायची तर निदान चौदापंधरा पदं लागतात. आता मेडिकल कॉलेजात प्रत्येक विषय वेगळा, प्रत्येक हुद्दा वेगळा, वर जाल तशी पदं कमी कमी होतात. १९९८ मध्ये चंदीगडच्या पीजीआय या मेडिकल संस्थेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की एकच पद असेल तिथं आरक्षण लावता येत नाही, फिरवून पण नाही. त्याच्या आधी १९९२ च्या मंडल निकालात सुपरस्पेशालिटीसारखी काही पदं आरक्षणाबाहेर ठेवावीत असं आलं होतंच, आपल्या राज्याच्या कायद्यात पण वैद्यकीय सुपरस्पेशालिटीची पदं आणि एकाकी पदं बाहेर आहेत. कोर्टाशी भांडायची माझी लायकी नाही. पण पदांची गोळाबेरीज कशी करायची हे तर सरकारच ठरवतं ना? केंद्रानं २०१९ ला कायदा करून केंद्रीय संस्थांमध्ये विभाग हे एकक न धरता पूर्ण संस्था हे एकक धरलं (काही नामांकित संस्था वगळून, ते वगळणं पण मला पटलेलं नाही). इच्छा असली की मोजायची पद्धत बदलता येते, एवढंच म्हणायचंय.

आता कुणीतरी कमेंटमध्ये मेरिट म्हणणारच, म्हणून आत्ताच सांगून टाकते. एमडीला प्रवेश आरक्षणातून घेतला, हो, घेतला. पण एमडी पास होताना माझा पेपर वेगळा नव्हता, पासिंग वेगळं नव्हतं, आणि बायोप्सीत कॅन्सर आहे की नाही हे मी सांगते तेव्हा सर्जन त्याच रिपोर्टवर ऑपरेशन करतो. तेव्हा कुणाला माझी कॅटेगरी आठवत नाही. ती आठवते फक्त चहाच्या टेबलावर.

चौथं, आमच्या नावावर बसलेले दुसरेच. हे लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

मेडिकलच्या सीटा आणि खोटे दाखले यांचं नातं जुनं आहे. जात पडताळणीची पद्धत ज्या १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातून आली तो मेडिकल-डेंटलच्या प्रवेशाचाच होता, महादेव कोळी असल्याच्या खोट्या दाव्यावरचा. २००० सालचा मिलिंद खटला पण एमबीबीएसच्या सीटचा. त्यात कोर्टानं हलबा-कोष्टी हे हलबा या अनुसूचित जमातीतले नव्हेत हे स्पष्ट केलं, पण डॉक्टर होऊन बसलेल्याची डिग्री राखली. २०१७ ला कोर्टानं सांगितलं की खोट्या दाखल्याचे फायदे राखता येणार नाहीत. मग २०१९ च्या डिसेंबरात शासनानं अशा लोकांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांच्या वरच्या जादा, पदांवर घ्यायचा निर्णय काढला. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागांवर मेडिकल कॉलेजांमध्ये किती खरे आदिवासी शिक्षक आले, हे कुणी जाहीर केलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आणि उलट आमचं बघा. माझ्या पडताळणीला १९५० च्या आधीचा पुरावा मागितला होता. माझे आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर शाळेचा दाखला कुठला! पडताळणीच्या माणसानं विचारलं, घरात जुनं काही कागदपत्र? वडील म्हणाले, साहेब, जंगल खात्याच्या दंडाच्या पावत्या आहेत, चालतील का? सगळे हसले. वडील हसत नव्हते.

पाचवं थोडक्यात, कारण यावर जास्त लिहिता येत नाही मला. २२ मे २०१९ ला डॉ. पायल तडवी गेली, आत्महत्या, आणि सीनियर्सनी जातीवरून छळल्याचा आरोप. तडवी भिल्ल समाजातली, गायनॅकचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. कोर्टात जे चाललंय त्यावर मी बोलणार नाही. पण ती असती तर आज कुठल्यातरी कॉलेजात सहाय्यक प्राध्यापक असू शकली असती, आणि आम्ही दोघी फोनवर बोलत असतो. त्यानंतर कॉलेजांत समित्या झाल्या, बोर्ड लागले. आमच्या बोर्डावरचा एक फोन नंबर कितीतरी दिवस बंद आहे, मी लावून बघितलाय.

हे सगळं आमच्याच देशात आहे असंही नाही. कॅनडात मूळनिवासी मुलांच्या निवासी शाळांवर जो सत्यशोधन आयोग बसला होता त्यानं २०१५ ला कृतीच्या ज्या मागण्या केल्या त्यात २३ वी मागणी हीच आहे की आरोग्यसेवेत मूळनिवासी व्यावसायिक वाढवा आणि ते टिकतील असं बघा. आणि २४ वी अशी की प्रत्येक मेडिकलच्या विद्यार्थ्याला मूळनिवासींच्या आरोग्याचा कोर्स सक्तीचा करा. टिकतील असं बघा, हे शब्द मला फार आवडले. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मेडिकल स्कूलनं १९७२ पासून माओरी आणि पॅसिफिक मुलांसाठी प्रवेशाची वेगळी योजना चालवलीय, आणि मुलगा आत आला की त्याला मध्येच सोडून देत नाहीत, पास होईपर्यंत मागं माणूस असतो. आपल्याकडं दार उघडून देतात आणि मग बघत बसतात की पडतो का.

आपल्याकडंही सगळं अंधारात आहे असं नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१८ ला आदिवासी आरोग्यावर मोठा अहवाल दिला, त्यात आदिवासींच्या आरोग्याची वेगळी आकडेवारीच धड मिळत नाही ही तक्रार आहे. २०२३ च्या १ जुलैला शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, लक्ष्य ७ कोटी लोक तपासायचं, आणि निर्मूलनाला २०४७ ची मुदत. नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, जिथं ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, आता गडचिरोलीलाही झालं. मला मनापासून आनंद आहे. पण त्या ७ कोटींपैकी एखाद्या मुलीला कार्ड देताना, तू वाहक आहेस म्हणजे नक्की काय, लग्न करायचं की नाही, मुलाला काय होईल, हे तिच्या भाषेत सांगणारा माणूस आणि सांगायला दुसऱ्यांना शिकवणारा माणूस लागणार आहे. तो माणूस तुमच्या स्टाफलिस्टवर 'गरजेनुसार' म्हणून किती दिवस चालेल?

तर मागण्या. फार नाहीत, आणि पहिलीला तर पैसाही लागत नाही.

१) प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात सहाय्यक, सहयोगी आणि प्राध्यापक या तिन्ही हुद्द्यांवर अनुसूचित जमातीचे किती शिक्षक आहेत, त्यातले जात वैधता झालेले किती, कायम किती, १२० दिवसांवर किती, हे दरवर्षी वेबसाईटवर टाका. नावं नकोत, आकडे टाका.

२) १२० दिवसांच्या नेमणुकांना बिंदुनामावली लागू आहे की नाही याचं लेखी उत्तर द्या. लागू नसेल तर कुठल्या कलमाखाली ते पण लिहा. आणि लोकसेवा आयोगाकडं अनुसूचित जमातीच्या राखीव पदांची मागणी थकलेली असेल तर ती पाठवा.

३) आदिवासी भागात केलेल्या संशोधनात लेखकांचा क्रम काम सुरू करायच्या आधी लेखी ठरवा, आणि एथिक्स कमिटीनं तो कागद बघितल्याशिवाय मंजुरी देऊ नये. भाषा आणि कुटुंबांची माहिती आणणं हे 'डेटा कलेक्शन' म्हणून हिशेबातून काढून टाकू नका.

४) दुभाष्याचं काम, विद्यार्थ्यांना सांभाळण्याचं काम, कॅम्पचं काम, याचे तास वर्कलोडमध्ये धरा. नाहीतर हॉस्पिटलात पगारी दुभाषे नेमा, पावरी, भिली, कोरकू, गोंडी, माडिया बोलणारी शिकलेली पोरं गावागावात नोकरी शोधत बसलीयत.

५) मेडिकल एज्युकेशनच्या बेसिक कोर्सला आणि रिसर्चच्या कोर्सला नावं पाठवताना तात्पुरत्या शिक्षकांना मागं ठेवू नका. बढतीला तो कोर्स लागतो आणि नाव कॉलेजमार्फतच जातं. माझं नाव दोनदा राहिलं, दोन्ही वेळा कारण एकच, तुमची ऑर्डर तोवर संपते.

६) आणि 'आदिवासी आरोग्य कक्ष' जिथं जिथं आहे तिथं निम्मे सदस्य आदिवासी ठेवा. कॉलेजात तेवढे मिळत नसतील तर मागणी क्रमांक एक परत वाचा.

कुणी म्हणेल नाव का नाही टाकलं खाली. सर, माझी बारावी ऑर्डर चालू आहे, तिचे अजून २३ दिवस आहेत. परवाच क्लार्कनं सांगितलंय, मॅडम, झेरॉक्सचे दोन सेट तयार ठेवा, या वेळी वडिलांचा दाखला पण लागेल म्हणतायत. मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, पावत्या पण आणू का?

आपली,
एक सहाय्यक प्राध्यापक (तात्पुरती), पॅथॉलॉजी